सात जणांची यादी : वास्कोतल्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

आज पेंटेकॉस्टची, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाची, उपासना झाल्यावर चहा पिता पिता ठरलं: मंडळीतल्या म्हाताऱ्या शिक्षक-पाळकांच्या आठवणी लिहून ठेवायच्या.

एप्रिलमध्ये आमच्यातले एक म्हातारे पाळक गेले. दफनाच्या वेळी त्यांचं जीवनवृत्त वाचलं: जन्म, शिक्षण, दीक्षा, बदल्या, निवृत्ती, मागे पत्नी आणि दोन मुलं. चाळीस वर्षांच्या सेवेला अकरा ओळी. वाचणाऱ्याचा दोष नाही, कागद मीच लिहून दिला होता. चार दिवसांनी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने विचारलं, "त्यांना पेटी वाजवता यायची, ते नाही लिहिलंस?" मला ठाऊकच नव्हतं. आठ वर्षं दर रविवारी एकाच ओळीत बसत होतो.

म्हणून ही वही. आमची मंडळी लहान, वास्को ते मडगाव मिळून चौदा घरं. स्वतःची इमारत नाही, भाड्याच्या हॉलमध्ये जमतो. सौंसर-छिंदवाड्याकडची आम्ही मराठी माणसं, गुंटूरकडची तेलुगू, रांचीकडची, तमिळ. कुणी रेल्वेमुळे आलं, कुणी नौदलामुळे, आणि म्हातारी माणसं मुलांच्या नोकऱ्यांमागून. सगळे लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रॉटेस्टंट परंपरेतले. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की कॅथलिक असं लोक धरूनच चालतात, त्यामुळे आम्हाला प्रत्येक वेळी थोडं सविस्तर सांगावं लागतं.

सत्तरी ओलांडलेले निवृत्त शिक्षक आणि पाळक मोजले तर सात निघाले. नावं वहीत आहेत. घरच्यांना विचारल्याशिवाय ती या नोंदींत उतरवणार नाही.

१३ जून, शुक्रवार

आज बरोबर ५०० वर्षं झाली. १३ जून १५२५ ला विटेनबर्गमध्ये मार्टिन लूथरने कॅटरिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केलं. तो एके काळचा मठवासी, ती १५२३ मध्ये मठातून पळून आलेली जोगीण. त्या जुन्या मठाच्या घरात तिने गुरं पाळली, बिअर गाळली, बागा सांभाळल्या, विद्यार्थ्यांना जेवू घातलं, वर स्वतःची सहा मुलं.

तारीख टिपून ठेवण्याचं कारण वेगळं आहे. यादीतल्या सात जणांमधल्या दोघी पाळकांच्या पत्नी आहेत आणि शिक्षिकाही. त्यांतल्या एकीला, मावशीला, वास्कोजवळच्या चिखलीत राहायला आल्यावर शेजारणीने विचारलं होतं, "पाद्रीक बायल? तें कशें?" तिच्या लेखी पाद्री म्हणजे इगर्जेतला (कॅथलिक चर्चमधला), बिनलग्नाचा. मावशीने तिला बसवून चहा दिला आणि सगळं समजावलं. आज दोघी रोज संध्याकाळी एका बाकावर असतात.

पाळकाचं घर म्हणजे दोघांचं काम आणि एकाचा पगार. हे पान मी त्यासाठी राखून ठेवते आहे.

१४ जून, शनिवार

पहिली मुलाखत मावशीची. वय ८४. सौंसर भागातल्या मिशनच्या प्राथमिक शाळेत ४० वर्षं बाई, यजमान पाळक, ते १९९८ मध्ये गेले. मी २२ प्रश्नांचा फॉर्म छापून नेला होता.

"जन्म?"
"१९४१."
"नोकरी कधी लागली?"
"१९६१."
"कोणकोणत्या शाळा?"
"दोन."
"आठवणी?"
"काय सांगू बाप्पा. नोकरी केली."

चाळीस मिनिटांत फॉर्म भरून झाला आणि माझ्या हातात पुन्हा अकरा ओळीच आल्या.

एक मात्र झालं. "सेवेत कोणत्या अडचणी आल्या" असं मी विचारलं तेव्हा ती उलट म्हणाली, "सेवा म्हणजे काय? आधी ते लिही." ही तिची जुनी सवय. लूथरने १५२९ मध्ये घरोघरच्या माणसांसाठी आणि मुलांसाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली. तीत दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना असं एकेक वाक्य येतं आणि लगेच तोच प्रश्न: याचा अर्थ काय? मावशीने दृढीकरणाच्या, म्हणजे मोठ्या मुलांच्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की तो गणितातही शिरला. पाच त्रिक पंधरा म्हटलं की ती विचारायची, "म्हणजे काय?" मुलाने चिंचोक्यांचे तीन-तीनचे पाच ढीग करून दाखवल्याशिवाय पुढचा पाढा नाही.

हे मला फॉर्म बाजूला ठेवल्यावर, निघताना दारात कळलं.

२१ जून, शनिवार

दुपारपासून पाऊस आणि वीज गेलेली. मावशी मेणबत्ती शोधत कपाटातला पत्र्याचा डबा घेऊन बसली. डब्यात मेणबत्ती नव्हती. खाकी पुठ्ठ्याच्या सहा वह्या होत्या, दोऱ्याने बांधलेल्या.

या वह्या म्हणजे तिची खासगी हजेरी. सरकारी हजेरीपट शाळेत राहायचा, हा घरी. डाव्या बाजूला मुलाचं नाव, उजवीकडे एक-दोन शब्द, पेन्सिलीने. मी मोबाईलच्या उजेडात वाचत गेले:

"चप्पल नाही." "फळ्यावरचं दिसत नाही, पुढे बसवणे." "बाजाराच्या दिवशी आईसोबत. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवणे." "डावखुरा. मारू नये." "दोन दिवस उपाशी?" आणि या शेवटच्या दोन शब्दांपुढे बारीक अक्षरात, "पोहे दिले."

संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत तर पानंच्या पानं फुल्यांची. सौंसर-पांढुर्णा हा सगळा संत्र्याचा पट्टा. तोडणी लागली की पोट्टे बागेत. मावशी तेव्हा संध्याकाळी कंदील घेऊन दुसरा वर्ग घ्यायची. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही, फक्त वहीत कोपऱ्यात "रात्र" असं लिहिलेलं आहे. तीन वर्षांत असे ६४ "रात्र" मी मोजले.

वीज आली तरी आम्ही उठलो नाही.

२२ जून, रविवार

फॉर्म रद्द. नवी पद्धत अशी: घरातली कामाची एखादी जुनी वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यापासून सुरुवात करायची. तारखा मागाहून भरता येतात.

मावशीच्या तारखा भरताना एक गोष्ट लक्षात आली. ती जन्मली तेव्हा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी झाली भोपाळ. त्यामुळे ती आयुष्यभर हिंदीत शिकवत आली आणि मराठीत रागावत आली. वह्यांमधली पोरांची काळजी सगळी मराठीत आहे.

स्वीडनच्या लूथरन मिशनने १८७७ मध्ये मध्य प्रांतात काम सुरू केलं. तिचे आजोबा त्या मिशनच्या बोर्डिंगात शिकले, वडील तिथेच शिक्षक. तिसऱ्या पिढीची बाई आज चिखलीतल्या दुसऱ्या मजल्यावर बसून मला पेन्सिलीला टोक कसं काढायचं ते दाखवते.

५ जुलै, शनिवार

गुंटूरकडचे पाळकसाहेब, वय ७७. मंडळीतले तेलुगू लोक त्यांना अय्यगारू म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. वास्कोतल्या बायण्यात मुलाकडे राहतात. मराठी इथल्या बाजारात शिकले, पण बोलतात सरळ आणि नेमकं.

वस्तू शोधावी लागली नाही. रेकॉर्डिंग चालू असतानाच खाली पोदेर (पाववाला) आला, सायकलचा भोंगा वाजला, आणि ते म्हणाले, "माझी पण सायकल होती." गुंटूरकडे एका पाळकाकडे एक गाव नसतं, गावांचा झुबका असतो. प्रत्येक गावात एक शिक्षक, तो आठवडाभर शाळा घेतो आणि रविवारी प्रार्थना चालवतो. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) मात्र दीक्षित पाळक आला तरच. म्हणून पाळक सायकलवर आणि हॅन्डलला पत्र्याची पेटी: लहान प्याला, ताटली, बाटली, पांढरा रुमाल. ती पेटी त्यांनी आणून दाखवली. झाकणाच्या आतल्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला आहे, प्याला खडखडू नये म्हणून. तो रबर आता विटेसारखा कडक झालाय.

गुंटूरला हे काम ३१ जुलै १८४२ ला जॉन क्रिश्चन फ्रेडरिक हायर या मिशनऱ्यांनी सुरू केलं. १८८३ मध्ये डॉ. अ‍ॅना कुगलर आल्या आणि बायकांसाठी दवाखाना उभा राहिला. अय्यगारूंच्या आईचा जन्म त्याच दवाखान्यातला. मोठ्या माणसांची नावं त्यांना पाठ आहेत. मी विचारलं, आणि तुमच्या गावांमधले शिक्षक? त्यांनी बोटं मोजत एकोणीस नावं सांगितली, गावासकट. त्यातल्या दोघांना कधीच वेळेवर पगार मिळाला नाही, हेही सांगितलं.

१० जुलै, गुरुवार

काल आणि आज लागोपाठ दोन फोन, दोन्ही तारखांमुळे.

काल ९ जुलै. १७०६ मध्ये याच दिवशी बार्थोलोमेउस त्सीगनबाल्ग आणि हाइनरिश प्ल्युत्शाऊ हे लूथरन मिशनरी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले. आमच्या तमिळ बाई (वय ७९, विज्ञान शिकवत) हा दिवस विसरत नाहीत. १७१५ मध्ये तिथे तमिळ नवा करार छापला गेला, आणि २८ डिसेंबर १७३३ ला आरोन हा पहिला भारतीय लूथरन पाळक दीक्षित झाला. मी त्यांना सांगितलं की भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये आमच्या जुन्या गोव्यात आला. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे कागद दोन्हीकडे होता. माणसांचं काय लिहिलं, ते बघायचं." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

आज १० जुलै. पहिल्या महायुद्धात रांचीच्या गोस्नर मिशनचे जर्मन लोक स्थानबद्ध झाले, मंडळ्या पोरक्या झाल्या, आणि १० जुलै १९१९ ला तिथल्या आदिवासी पाळकांनी आणि वडीलजनांनी चर्च स्वायत्त असल्याचं जाहीर केलं. मडगावचे रांचीवाले गुरुजी आज पांढरा शर्ट घालून बसले होते. त्यांची मुलाखत आटोपशीर झाली, ऐकू कमी येतं. नात मध्ये बसून कुडुख या त्यांच्या भाषेत ओरडून सांगत होती. पुन्हा जायचं आहे, सकाळच्या वेळी.

१९ जुलै, शनिवार

वाईट दिवस. फोन भिजला म्हणून वास्कोतल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला होता. परत आला तो कोरा. अय्यगारूंचं दोन तासांचं रेकॉर्डिंग गेलं. एकोणीस नावं हाताने लिहिली होती म्हणून वाचली.

आजपासून प्रत्येक मुलाखत त्याच रात्री दोन जागी उतरवायची, आणि नावं कागदावरच. आधी हे सुचायला हवं होतं. सांगायला गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. ते म्हणाले, "बस. पुन्हा सांगतो."

आणि दुसऱ्यांदा त्यांनी वेगळंच सांगितलं.

१९ नोव्हेंबर १९७७. आंध्रच्या किनाऱ्यावरच्या दिवीसीमा भागात चक्रीवादळ आलं, समुद्र आत शिरला. दहा हजारांच्या वर माणसं गेली. अय्यगारू तेव्हा २९ वर्षांचे, दीक्षा होऊन दोन वर्षं. मदतीला पाठवलेल्या तुकडीत तेही होते. त्यांना वाटलं होतं दफनविधी करायचा आहे. विधीत मृताचं नाव घ्यावं लागतं. तिथे नाव सांगायला कुणी उरलंच नव्हतं, घरंच्या घरं गेलेली. पहिल्या दिवशी ते पुस्तक उघडून त्या रिकाम्या जागेशी आले आणि थांबले. शेजारचा फावडेवाला म्हणाला, "अय्यगारू, पुढं चला." नाव न घेता ते पुढे गेले. किती वेळा ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिथून परत आल्यावर त्यांनी आपल्या गावांमधल्या प्रत्येक घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव पाठ केलं. तान्ह्या मुलांचंही. मागच्या वेळी एकोणीस नावं बोटांवर का आली, ते आज कळलं.

३० जुलै, बुधवार

आजपासून दामोदर सप्ताह. चोवीस तास भजन. मावशी दोन दिवस बाजारातल्या भाचीच्या घरी आलेली, तिथे तर आवाज खिडकीतून थेट आत. मी म्हटलं, रेकॉर्डिंग नको. ती म्हणाली, "राहू दे मागं. हे पण आमचंच आहे." मग रेव्हरंड टिळकांचे ख्रिस्ती अभंग ती लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून कसे शिकली ते सांगत राहिली, हाताने मांडीवर ताल धरून. तिचा आणि बाहेरच्या पखवाजाचा ठेका काही वेळ एकच झाला. रेकॉर्डिंगमध्ये ते ऐकू येतं. ठेवलं आहे तसंच.

९ ऑगस्ट, शनिवार

डिचोलीचे सर आले. निवृत्त मराठी शिक्षक, आमच्या मंडळीतले नाहीत, मित्र आहेत. वह्या उतरवायला त्यांची मदत घेते आहे, कारण अक्षर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा नाही. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या मंडपात मराठी शाळा चालायच्या, त्यातल्या एका मास्तरांकडे ते शिकले. गाव मास्तरांना नारळ, तांदूळ आणि थोडे पैसे द्यायचं. सर म्हणाले, "त्या मास्तरांचंही कुठं काही लिहिलेलं नाही. माझ्या अक्षरात तेवढे उरलेत."

तिसरी वही बघता बघता ते थांबले. "हे अक्षर बाईंचं नाही." १९७१ सालचं पान. मावशीचं अक्षर उभं आणि टोकदार, इथे गोल आणि मोठं, रेघेच्या थोडं खाली उतरणारं. शेरे तसेच, पण आणखी थोडक्यात. "रडते." "भूक." "नाव लिहिलं आज!" असं अकरा आठवडे. मग पुन्हा मावशीचं अक्षर.

मी वीस वेळा ही वही चाळली होती. मला दिसलं नव्हतं.

१० ऑगस्ट, रविवार

मावशीला पान दाखवलं. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"मला कावीळ झाली होती. पाढरच्या दवाखान्यात नेलं, मग माहेरी. वर्ग बायबल मावशीनं धरला."

बायबल स्त्रिया म्हणजे मिशनच्या घरोघर फिरणाऱ्या बाया. बहुतेक विधवा. पडद्यातल्या बायकांना वाचायला शिकवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं, गोष्ट सांगायची. पाळक नाही, शिक्षक नाही, त्यामुळे निवृत्तीही नाही आणि पेन्शनही नाही. या बाईने अकरा आठवडे पहिली-दुसरी सांभाळली आणि त्याचा एक पैसा घेतला नाही.

"कशी होती?"

"पांढरं लुगडं. काळी छत्री, ऊन असो पाऊस असो. खडू संपला तर कोळसा. पोट्टे तिला घाबरत नव्हते, मला घाबरत."

"नाव?"

मावशीने तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. "सगळे बायबल मावशीच म्हणायचे गं." संध्याकाळपर्यंत तिला जेवण गेलं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चतुर्थीची सुट्टी. शेजारच्या घरून नेवऱ्या आल्या. सौंसरच्या मामेभावाने दफनाचं रजिस्टर पाहिलं. त्यात नोंद आहे: "बायबल स्त्री, वय सुमारे ६५", पुढे नवऱ्याचं नाव आणि "विधवा". तिचं स्वतःचं नाव नाही. भावाने पानाचा फोटो पाठवला. अक्षर सुंदर आहे, शाईही ठळक आहे.

अय्यगारूंना सांगितलं. त्यांनी पत्र्याच्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वहीतल्या मुलांना विचारा. रजिस्टरला काय विचारता?"

६ सप्टेंबर, शनिवार

१९७१ च्या पानावर ३१ मुलं आहेत. मावशी, मी आणि मामेभाऊ मिळून आतापर्यंत नऊ जणांचा पत्ता लागला. चौघांना बायबल मावशी आठवते, नाव कुणालाच नाही. एक नागपूरला आहे म्हणतात, तिच्या पुढे "नाव लिहिलं आज!" हा शेरा आहे. नंबर मिळवतो आहोत.

तमिळ बाईंची मुलाखत याच आठवड्यात पूर्ण झाली, छान झाली. त्यांच्या प्रयोगशाळेच्या चाव्यांबद्दल वेगळं पान लिहायचं.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी फोन आला, नागपूरहून. आता साठीच्या आजी. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी नाव सांगितलं.

कसं लक्षात राहिलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, बायबल मावशी पाटीवर आधी प्रत्येकीला स्वतःचं नाव लिहायला लावायची. ते जमलं की दुसरं नाव तिचं, कारण मुलांना माहीत असलेलं तेवढंच दुसरं नाव. "तिच्या नावात ळ होता. मला ळ यायचा नाही, दोन्ही पोटं एकसारखी निघायची नाहीत. ती माझा हात धरून काढायची. पंधरा दिवस लागले. ज्या दिवशी आला त्या दिवशी तिनं वहीत लिहिलं असेल."

लिहिलं आहे, मी म्हटलं. उद्गारचिन्हासकट.

संध्याकाळी चिखलीला गेले. मावशीला नाव सांगितलं. तिने ते दोनदा मोठ्याने म्हटलं, मग माझी वही मागितली आणि यादीचं पान उघडलं. सातव्या नावाखाली मला लिहायला लावलं. लिहून झाल्यावर पान उजेडात धरून बघितलं. माझा ळ तिला पसंत पडला नाही. खोडरबर दिला, पुन्हा काढायला लावला.